दुसऱ्या नावाची वाटचाल

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतपत्रिकेवर दोन नावं शेजारी शेजारी छापलेली असतात आणि दोघांना मिळून एकच मत देता येतं. पहिलं नाव पसंत आहे पण दुसरं नको, असं म्हणायची सोय मतदाराला नाही. पहिलं नाव पक्षांतर्गत लढतींतून, वादसभांतून, वर्षभराच्या वणवणीतून पुढे आलेलं असतं. दुसरं नाव त्या पहिल्यानं ठरवलेलं असतं आणि ते बहुधा एका फोनवर कळवलेलं असतं. उमेदवार पन्नाशीतला आणि धडधाकट असेल तर या दुसऱ्या नावाकडे फारसं कुणी पाहत नाही. पण तो सत्तरीपलीकडचा असेल तर मतदार एका मतात दोन अध्यक्ष निवडत असतो, एक आजचा आणि दुसरा कदाचित उद्याचा.

हे ‘कदाचित’ फार लांबचं नाही. आजवर ४५ व्यक्ती अमेरिकेच्या अध्यक्षपदी बसल्या. त्यांपैकी आठ जण पदावर असतानाच गेले आणि एकानं राजीनामा दिला. नऊ वेळा उपाध्यक्षाला मुदत संपण्याआधीच वरच्या खुर्चीत बसावं लागलं, म्हणजे दर पाच अध्यक्षांमागे एकदा. तरीही हे पद कुणाला द्यायचं याचा विचार दोनशे वर्षं मतांच्या बेरजेनं झाला, वारसाच्या हिशेबानं क्वचितच. या पदाची वाटचाल पाहताना मला सर्वांत अस्वस्थ करते ती हीच गोष्ट.

सुरुवातच आडवळणानं झाली. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांपुढे अध्यक्षाच्या निवडीचा प्रश्न होता. अध्यक्ष निवडणारे प्रत्येक राज्याचे निर्वाचक आपल्याच राज्याच्या माणसाला मत देतील ही भीती होती. म्हणून प्रत्येक निर्वाचकानं दोन मतं द्यावीत आणि त्यांतलं निदान एक परराज्यातल्या माणसाला द्यावं असं ठरलं. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा येईल तो उपाध्यक्ष. मग या दुसऱ्याला काही काम हवं, म्हणून त्याला सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसवलं. मतं समसमान पडली तरच त्याला मत देता येणार होतं. पहिला उपाध्यक्ष जॉन ॲडम्स या बिनकामाच्या पदाला इतका कंटाळला की माणसाच्या कल्पनेनं निर्माण केलेलं हे सर्वांत क्षुल्लक पद आहे, अशा अर्थाचं पत्र त्यानं बायकोला लिहिलं.

या व्यवस्थेत एक गुण मात्र होता. दुसरा येणारा माणूसही अध्यक्षपदाच्याच योग्यतेचा समजला गेलेला असायचा. ॲडम्स आणि जेफरसन हे पहिले दोन्ही उपाध्यक्ष पुढे अध्यक्ष झाले. पण १८०० साली जेफरसन आणि त्याचा सहकारी ॲरन बर यांना सारखीच, प्रत्येकी ७३ मतं पडली. तिढा सुटायला प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन्ही पदांसाठी वेगळी मतं सुरू झाली. त्या दुरुस्तीनं गोंधळ संपला, पण पदाचं वजनही गेलं. दुसरं नाव आता समतोलासाठी, कुणाची नाराजी काढण्यासाठी किंवा एखादं राज्य पदरात पाडण्यासाठी वापरता येऊ लागलं. मॅडिसनचे दोन्ही उपाध्यक्ष, जॉर्ज क्लिंटन आणि एल्ब्रिज गेरी, पदावर असतानाच वारले. रिकाम्या जागी नवा माणूस नेमण्याची तरतूदच घटनेत नव्हती आणि तिची निकड कुणाला वाटलीही नाही.

ती वाटावी असं पहिल्यांदा घडलं १८४१ मध्ये. व्हिग पक्षाचा उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन हा जुना सेनानी. शपथ घेतली तेव्हा तो ६८ वर्षांचा होता. त्याच्याहून जास्त वयाच्या माणसानं ही शपथ घ्यायला पुढे १४० वर्षं जावी लागली. विरोधकांनी प्रचारात त्याच्या म्हातारपणाची टर उडवली होती. जोडीला जॉन टायलर घेतला, कारण तो व्हर्जिनियाचा होता आणि दक्षिणेची मतं हवी होती. टायलर मूळचा डेमोक्रॅट. राष्ट्रीय बँक, केंद्राचे अधिकार या व्हिगांच्या मुख्य मुद्द्यांवर तो त्यांच्याशी सहमत नव्हता. पक्षानं त्याला त्याबद्दल नीट विचारलंही नाही. प्रचाराच्या घोषणेत त्याचं नाव शेपटासारखं जोडलेलं होतं आणि तिथंच ते राहील असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

हॅरिसननं ४ मार्चला शपथ घेतली आणि ४ एप्रिलला तो वारला. परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टरचा मुलगा निरोप घेऊन विल्यम्सबर्गला टायलरच्या घरी गेला. अध्यक्ष गेल्यास त्याचं काम उपाध्यक्षाकडे जाईल असं घटनेत होतं. पण जाणार काय, नुसते अधिकार की पदच, हे मजकुरातून स्पष्ट होत नव्हतं. टायलरनं वॉशिंग्टनला येऊन एका हॉटेलात शपथ घेतली आणि आपण पूर्ण अध्यक्ष आहोत असं सांगून टाकलं. ‘हंगामी अध्यक्ष’ असा पत्ता असलेली पत्रं तो न उघडता परत पाठवी. विरोधक त्याला अपघातानं आलेला महाराज म्हणत. त्यानं बँकेची विधेयकं दोनदा नाकारली, तेव्हा वेब्स्टर सोडून सगळ्या मंत्रिमंडळानं राजीनामे दिले आणि पक्षानं त्याला बाहेर काढलं. तरी तो जवळजवळ चार वर्षं अध्यक्ष राहिला. पद सोडण्याच्या तीन दिवस आधी त्यानं टेक्सास सामील करून घेण्याच्या ठरावावर सही केली. त्यातून मेक्सिकोशी युद्ध उभं राहिलं आणि गुलामगिरीचा प्रश्न आणखी पेटला. व्हिगांना मत देणाऱ्यांनी यातलं काहीही मागितलं नव्हतं.

आपल्या भारतीय व्यवस्थेत हे घडू शकत नाही, हे इथं सांगायला हवं. आपल्या उपराष्ट्रपतींकडे राज्यसभेचं सभापतिपद आहे, तेवढ्यापुरतं अमेरिकेशी साम्य आहे. पण राष्ट्रपतींचं निधन झालं तर उपराष्ट्रपती फक्त कार्यभार सांभाळतात आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये झाकिर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी आणि १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद गेले तेव्हा बी. डी. जत्ती असेच काही काळ कार्यभारावर होते. अमेरिकेत उरलेली सगळी मुदत त्या दुसऱ्याची, मग ती चार महिन्यांची असो की चार वर्षांची.

टायलरच्या अनुभवानं पक्ष शहाणे झाले नाहीत. १८४९ मध्ये ६४ वर्षांचे झॅकरी टेलर अध्यक्ष झाले आणि सोळा महिन्यांत वारले. ते स्वतः गुलामांचे मालक होते, तरी गुलामगिरीबाबतच्या तडजोडीला त्यांचा विरोध होता. त्यांच्या जागी आलेल्या मिलर्ड फिलमोर यांनी तीच तडजोड मान्य केली. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा त्याच तडजोडीचा भाग होता. एका माणसाच्या मृत्यूनं हजारोंच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे ६५ वर्षांच्या जेम्स ब्युकॅनन यांच्याबरोबर ३६ वर्षांचा जॉन ब्रेकिनरिज होता. इतका तरुण उपाध्यक्ष आजतागायत दुसरा झालेला नाही. ब्युकॅनन यांनी त्याला कारभारापासून दूरच ठेवलं. १९०४ मध्ये तर डेमोक्रॅटांनी उलटंच केलं आणि उपाध्यक्षपदासाठी हेन्री डेव्हिस या ८० वर्षांच्या धनाढ्य गृहस्थाला उभं केलं. त्याच्या तिजोरीतून पक्षाला पैसा मिळेल अशी आशा होती.

या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत जास्त विचारात पाडणारं साल आहे १९४४. फ्रँकलिन रूझवेल्ट तेव्हा ६२ वर्षांचे होते. आजच्या मानानं हे वय काहीच नाही, पण शरीर पार थकलं होतं. मार्चमध्ये बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञानं त्यांना तपासलं. रक्तदाब खूप वाढलेला, हृदय मोठं झालेलं आणि निकामी होत चाललेलं. औषध सुरू झालं, विश्रांती सांगितली, सिगारेटी कमी केल्या. मात्र अध्यक्षांचे खासगी डॉक्टर, व्हाइस ॲडमिरल रॉस मॅकिन्टायर, वयाच्या मानानं प्रकृती उत्तम आहे असंच वार्ताहरांना सांगत राहिले. महायुद्ध चालू होतं आणि रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहणार होते.

पक्षाच्या पुढाऱ्यांना वैद्यकीय अहवालाची गरज नव्हती. चेहरा त्यांना दिसत होता. तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस पुढाऱ्यांना फार डावे आणि बेभरवशाचे वाटत. दुसरे इच्छुक जिमी बर्न्स यांना कामगार संघटनांचा आणि कृष्णवर्णीयांचा विरोध होता. ११ जुलैच्या रात्री व्हाइट हाउसमध्ये जेवणानंतर रॉबर्ट हॅनेगन, एड फ्लिन, एड केली आणि त्यांचे साथीदार रूझवेल्टांसोबत बसले आणि मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्या नावावर आले. रूझवेल्टांनी वॉलेसच्या बाजूनंही पत्र दिलं, हॅनेगनलाही दिलं आणि बर्न्सनाही आशेवर ठेवलं. ट्रुमन शिकागोच्या अधिवेशनाला आले ते बर्न्सचं नाव सुचवायला. शेवटी हॉटेलच्या खोलीत हॅनेगननं सान डिएगोहून आलेला रूझवेल्टांचा फोन ट्रुमनना ऐकू जाईल असा धरला आणि ट्रुमन नाइलाजानं तयार झाले. पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते, दुसऱ्या फेरीत ट्रुमन जिंकले.

त्या खोल्यांत बसलेल्या बहुतेकांना आपण पुढचा अध्यक्ष ठरवतोय हे पक्कं ठाऊक होतं. अधिवेशनाच्या मांडवात बसलेल्यांना अंधुक कल्पना असेल. मतदारांना मात्र काहीच सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर दोघं एकत्र जेवले, तेव्हा रूझवेल्टांचा हात किती थरथरतो हे ट्रुमननी पाहिलं. पण कुणी त्यांना विश्वासात घेतलं नाही. उपाध्यक्ष म्हणून मिळालेल्या ८२ दिवसांत रूझवेल्टांशी त्यांच्या मोजक्याच भेटी झाल्या. १९४३ मध्ये संरक्षण खर्चाची चौकशी करताना ट्रुमन यांच्या समितीला एका गूढ प्रकल्पाचा सुगावा लागला होता. तेव्हा युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी त्यांना थांबायला सांगितलं आणि ते थांबले. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वॉर्म स्प्रिंग्ज इथं वारले. त्या संध्याकाळी ट्रुमननी शपथ घेतली आणि स्टिमसननी त्यांच्या कानावर एका नव्या स्फोटकाचा ओझरता उल्लेख घातला. अणुबाँबची सविस्तर माहिती त्यांना मिळाली ती २५ एप्रिलला. ६ ऑगस्टला तो हिरोशिमावर पडला.

ट्रुमन निवड म्हणून चांगले निघाले असं बहुतेक इतिहासकार मानतात. मला ते निवडीचं श्रेय वाटत नाही. पुढाऱ्यांनी जो माणूस निवडला तो कुणालाच फारसा खुपत नव्हता म्हणून निवडला. तो कसाला उतरला हे देशाचं नशीब. ज्याच्या हाती अण्वस्त्र येणार, त्याला ते आहे हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. १९४९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत उपाध्यक्षाला कायद्यानं जागा मिळाली, ती ट्रुमन अध्यक्ष असताना.

पदाच्या नियमांची डागडुजी नेहमी एखाद्या धक्क्यानंतरच झाली. ड्वाइट आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पुढच्या वर्षी आतड्याची शस्त्रक्रिया झाली, १९५७ मध्ये मेंदूचा झटका आला. आपण असमर्थ झालो तर काय करायचं याबद्दल त्यांनी आपले उपाध्यक्ष निक्सन यांच्याशी १९५८ मध्ये लेखी समझोता केला, कारण घटना गप्प होती. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली. त्यानंतर चौदा महिने उपाध्यक्षच नव्हता. केनेडींच्या जागी अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. त्यांच्यामागे रांगेत ७१ वर्षांचे सभापती जॉन मॅककॉरमॅक आणि त्यांच्यामागे सिनेटचे ८६ वर्षांचे कार्ल हेडन. केनेडींनंतर संसदेत भाषण करणाऱ्या जॉन्सनच्या मागे बसलेले हे दोन वृद्ध सगळ्या देशानं टेलिव्हिजनवर पाहिले. तोवर उपाध्यक्षपद एकूण १६ वेळा रिकामं राहिलेलं होतं. १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. टायलरनं १८४१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर जे ठरवलं, ते १२६ वर्षांनी घटनेत आलं. रिकामी जागा भरण्याची रीत आली. अध्यक्ष असमर्थ असल्यास काय करायचं तेही आलं.

निवडीच्या रीतीला मात्र कुठलीही घटनादुरुस्ती लागू होत नाही. ती सुधारली तीही ठेच लागूनच. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईघाईत टॉमस ईगल्टन यांचं नाव घेतलं. ईगल्टन यांनी पूर्वी नैराश्यावर रुग्णालयात उपचार घेतले होते, ते बाहेर आलं आणि १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. आजाराबद्दलची ती क्रूरता आज वाचवत नाही. पण तेव्हापासून वकिलांच्या तुकडीकडून संभाव्य नावांची छाननी होऊ लागली: प्राप्तिकराची विवरणपत्रं, वैद्यकीय इतिहास, जुनी भाषणं, व्यवहार. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी इच्छुकांना आपल्या प्लेन्स गावी बोलावून मुलाखती घेतल्या आणि वॉल्टर माँडेल यांना निवडलं. माँडेल यांनी आपल्याला नेमकं काय हवं ते लिहून दिलं: अध्यक्ष वाचतात ती सगळी कागदपत्रं, हवं तेव्हा भेटण्याची मुभा. त्यांना वेस्ट विंगमध्ये खोली मिळाली आणि अध्यक्षांबरोबर दर आठवड्याचं जेवण. आजचं उपाध्यक्षपद खऱ्या अर्थानं तिथून सुरू होतं.

त्याच वर्षी रोनाल्ड रेगन यांनी एक वेगळी वाट चोखाळून पाहिली होती. पक्षाची उमेदवारी मिळण्याआधीच, अधिवेशनाच्या तीन आठवडे अलीकडे, त्यांनी पेनसिल्व्हेनियाचे उदारमतवादी सिनेटर रिचर्ड श्वायकर यांचं नाव जाहीर केलं. त्यांचे पुराणमतवादी पाठीराखे खवळले, हवे होते ते प्रतिनिधी मिळाले नाहीत आणि उमेदवारी जेराल्ड फोर्ड यांच्याकडे गेली. ही रीत तिथंच बदनाम झाली याची मला खंत वाटते. डाव राजकीय होता हे खरं, पण कल्पना प्रामाणिक होती. उमेदवार सत्तरीच्या घरातला असेल तर त्याच्या जोडीदाराचं नाव पक्षातल्या मतदारांना वेळेवर कळायला हवं, शेवटच्या उन्हाळ्यात नव्हे.

१९८० मध्ये रेगन ६९ वर्षांचे होते. डेट्रॉइटच्या अधिवेशनात माजी अध्यक्ष फोर्ड यांनाच उपाध्यक्ष करावं अशी बोलणी चालली. अधिकारांची वाटणी कशी करायची इथपर्यंत ती गेली आणि मोडली. रात्री उशिरा जॉर्ज बुश यांना फोन गेला. बुश यांनी काही महिन्यांपूर्वीच रेगन यांच्या आर्थिक धोरणाची जाहीर चेष्टा केली होती. पण संयुक्त राष्ट्रांतला राजदूत, चीनमधला प्रतिनिधी, सीआयएचा प्रमुख असा त्यांचा अनुभव होता. ३० मार्च १९८१ ला रेगन यांच्यावर गोळी झाडली गेली तेव्हा बुश टेक्ससमध्ये होते. वॉशिंग्टनला परतल्यावर हेलिकॉप्टर थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरवायला त्यांनी नकार दिला, तो मान अध्यक्षाचा होता. अधिकार सोपवण्याचं पत्र तयार होतं, पण त्यावर सही झाली नाही. जुलै १९८५ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र रेगन यांनी सुमारे आठ तासांसाठी अधिकार बुश यांच्याकडे दिले.

वयस्क उमेदवारानं जोडीदार कसा निवडू नये याचं उदाहरण २००८ चं. जॉन मॅकेन यांच्या मनात गर्भपाताच्या हक्काचे समर्थक सिनेटर जो लिबरमन होते. पक्षातल्या गर्भपातविरोधकांनी ते होऊ दिलं नाही. मग अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांची छाननी काही दिवसांत उरकली आणि २९ ऑगस्टला, मॅकेन यांच्या ७२ व्या वाढदिवशी, ओहायोतल्या डेटन इथं नाव जाहीर झालं. मॅकेन यांना त्वचेचा कर्करोग होऊन गेला होता हे सर्वज्ञात होतं. पेलिन दोन वर्षंही गव्हर्नर नव्हत्या. मतदानाला ६७ दिवस उरले होते आणि तेवढ्या काळात देशानं एका अपरिचित व्यक्तीला संभाव्य अध्यक्ष म्हणून पारखावं अशी अपेक्षा होती. त्या काही बोलल्या त्यापेक्षा त्यांना अशा जागी इतक्या घाईनं उभं केलं गेलं, हा दोष मला मोठा वाटतो.

२०२० मध्ये जो बायडन ७७ वर्षांचे होते आणि स्वतः आठ वर्षं उपाध्यक्ष राहिलेले. त्यांनी मार्चमध्येच स्त्री जोडीदार निवडणार असं सांगितलं आणि आपण पुढच्या पिढीकडे नेणारा पूल आहोत असंही म्हटलं. क्रिस डॉड, एरिक गार्सेटी, लिसा ब्लंट रॉचेस्टर आणि सिंथिया होगन यांची समिती नेमली गेली, महिनोन्‌महिने छाननी चालली. ११ ऑगस्टला कमला हॅरिस यांचं नाव आलं. वर्षभरापूर्वी एका वादसभेत हॅरिस यांनीच बायडन यांच्यावर जोरदार हल्ला चढवला होता, तो बायडन यांनी मनात धरला नाही. भारतात जन्मलेल्या श्यामला गोपालन यांची मुलगी म्हणून इकडे भारतातही त्या नावाचं कौतुक झालं. समसमान मतं फोडण्यासाठी त्यांनी सिनेटमध्ये ३३ वेळा मतदान केलं, उपाध्यक्ष जॉन कॅल्हूनचा जवळजवळ दोनशे वर्षांचा विक्रम मोडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडन यांच्या तपासणीच्या वेळी ८५ मिनिटं अध्यक्षीय अधिकार त्यांच्याकडे होते.

पण त्या निवडीचा खरा कस लागला तो कुणी न पाहिलेल्या दिशेनं. २७ जून २०२४ च्या वादसभेत ८१ वर्षांच्या बायडन यांना बोलणं सावरता आलं नाही आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. मृत्यू नव्हता, राजीनामाही नव्हता. प्रचाराचा निधी दोघांच्या नावानं नोंदलेला होता, म्हणून तो सरळ हॅरिस यांच्याकडे गेला. मतदानाला साडेतीन महिने उरलेले, नव्यानं लढत घ्यायला वेळ नाही. चार वर्षांपूर्वी एका माणसानं केलेल्या निवडीनं एका मोठ्या पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरला. पक्षाच्या मतदारांनी त्या वर्षीच्या एकाही लढतीत हॅरिस यांच्या नावापुढे खूण केलेली नव्हती. हॅरिस यांच्यावर त्यातून अन्याय झाला असं मला वाटतं, कारण लढून मिळणारा अधिकार त्यांना मिळालाच नाही. बायडन यांनी तो पूल वर्षभर आधी ओलांडू दिला असता तर निदान लढत तरी झाली असती.

डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच जुलैत, बटलरमध्ये त्यांच्यावर झालेल्या गोळीबारानंतर दोन दिवसांनी, ३९ वर्षांच्या जे. डी. व्हान्स यांचं नाव जाहीर केलं. २०१६ चे जोडीदार माइक पेन्स यांनी ६ जानेवारी २०२१ ला निर्वाचकांच्या मतमोजणीत ट्रम्प यांचं ऐकलं नव्हतं, ती गोष्ट या निवडीमागे होतीच. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी ७८ व्या वर्षी शपथ घेतली, आजवरच्या सर्व अध्यक्षांत सर्वाधिक वयाचे म्हणून. दोघांच्या वयात ३८ वर्षांचं अंतर आहे. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प यांना पुन्हा निवडून येता येत नाही, त्यामुळे व्हान्स पहिल्या दिवसापासून वारस म्हणून पाहिले जातात.

पंचविसाव्या दुरुस्तीचं चौथं कलम इथं महत्त्वाचं ठरतं. अध्यक्ष असमर्थ आहे पण स्वतः ते मान्य करत नाही, अशा वेळी मंत्रिमंडळातल्या बहुसंख्यांसह उपाध्यक्षानं तसं लिहून द्यावं लागतं. उपाध्यक्षाची संमती नसेल तर बाकी कुणाच्याही सहीनं काही होत नाही. जोडीदार निवडताना वयस्क उमेदवार आपल्या असमर्थतेचा निवाडा करणाराही निवडत असतो, आणि तो ज्याच्या मर्जीनं आला त्याच्याविरुद्ध त्याला सही करायची असते. १९६७ पासून आजपर्यंत या कलमाचा वापर एकदाही झालेला नाही.